पाण्यातली म्हैस आणि सरावाचे घड्याळ



माघ सरत येतो, हरभऱ्याचे घाटे भरतात, गहू पिवळा पडू लागतो आणि आपल्या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे एक वेगळीच कुजबुज सुरू होते. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर, कुठल्याही गावच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसा. एकजण सांगतो, "अमक्याच्या गाड्याने परवा सरावात बारा सेकंदांच्या आत घाट मारला." दुसरा लगेच म्हणतो, "घड्याळ उशिरा दाबले असेल." तिसरा आवाज खाली आणून सांगतो, "खरा बैल त्याने अजून बाहेरच काढला नाही." चहा गार होतो, पण गप्पा गार होत नाहीत. पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेत नांदी झालेली असते. खरी धामधूम चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांत. मधल्या दिवसांत राज्य चालते ते अंदाजांचे.

आता गंमत अशी की, नेमक्या याच दिवसांत समुद्रापलीकडे बहारीन नावाच्या वाळवंटी देशात अगदी हीच कुजबुज चाललेली असते. तिथे बैल नसतात, मोटारी असतात. फॉर्म्युला वन नावाची जगातली सर्वांत मोठी मोटार शर्यत मार्चच्या सुमारास सुरू होते, आणि त्याआधी सगळे संघ आपापल्या नव्या गाड्या घेऊन सरावाला जमतात. कोणाची गाडी पळते, कोणाची रडते, कोण मुद्दाम हळू चालवतो आहे, यावर जगभरचे शौकीन रात्र-रात्र वाद घालतात. त्यात शिकलेसवरलेले इंजिनियर असतात, मोठ्या वर्तमानपत्रांचे बातमीदार असतात. तरी त्यांचे अंदाज पुष्कळदा आपल्या हॉटेलातल्या अंदाजांइतकेच आपटतात.

आज या दोन सरावांविषयी थोडे बोलू. विषय करमणुकीचा आहे, पण त्याचे टोक तुमच्या-आमच्या घरच्या पैशाला येऊन टेकते. ते कसे, ते पुढे सांगतो.

आधी एक लक्षात आणून देतो. ही मोटारींची शर्यत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. चाकणचा शनिवारचा जनावरांचा बाजार कोणाला ठाऊक नाही? त्याच चाकणला मर्सिडीज-बेंझचा मोटारींचा कारखाना आहे. महिंद्राचाही आहे. मर्सिडीजचा संघ फॉर्म्युला वनमधला मातब्बर संघ. त्याच्या शर्यतीच्या गाड्या तयार होतात इंग्लंडात, पण नाव तेच. आणि ज्या महिंद्राचा ट्रॅक्टर तुमच्या दारात उभा आहे, त्याच महिंद्राचा संघ विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला ई शर्यतीत २०१४ सालच्या पहिल्या हंगामापासून उतरतो आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ती शर्यत हैदराबादला हुसेनसागराच्या काठी झाली. म्हणजे ज्या गावात खिलार खोंडाचे दात मोजले जातात, त्याच गावाच्या शिवारात शर्यतीतली नावे लावलेल्या मोटारी तयार होतात. दोन्हीकडच्या सरावाची तुलना करायला चाकणसारखी दुसरी जागा नाही.

तर बहारीनला काय चालते ते पाहू. २०२५ च्या हंगामात दहा संघ होते, प्रत्येकाच्या दोन गाड्या, आणि वर्षभरात चोवीस शर्यती. इतक्या मोठ्या वर्षासाठी सराव किती? २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी हंगामापूर्वी फक्त तीन दिवस, रोज सुमारे आठ तास, आणि तेही प्रत्येक संघाला एकच गाडी. दोघा चालकांनी ती वाटून घ्यायची. पूर्वी ज्याच्याकडे पैसा तो हवा तितका सराव करी. खर्च हाताबाहेर गेला तेव्हा नियम कडक झाले. तीन दिवसांतच सगळे शिकायचे म्हटल्यावर प्रत्येक फेरीला मोल आले, आणि बाहेरून पाहणारे प्रत्येक फेरीचा अर्थ लावू लागले.

बहारीनची एक फेरी साधारण साडेपाच किलोमीटरची. ती सुमारे दीड मिनिटात होते. फलकावर प्रत्येकाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसते. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, फलक वेळ सांगतो, पण ती वेळ कशाच्या जोरावर आली ते सांगत नाही.

पहिली गोष्ट इंधन. शर्यतीत मध्येच पेट्रोल भरण्यास २०१० पासून बंदी आहे. त्यामुळे गाडी सगळे इंधन सुरुवातीलाच घेऊन निघते. २०२५ पर्यंतच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ११० किलो. आता ढोबळ हिशेब असा की, दहा किलो वजन वाढले की एका फेरीला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा जास्त लागतो. म्हणजे टाकीत तीस किलो इंधन जास्त घातले की गाडी फेरीमागे जवळजवळ एक सेकंद हळू झाली. आणि सरावात कोणाच्या टाकीत किती इंधन आहे, हे तो संघ सोडून कोणालाच कळत नाही. भरल्या पोत्यांची बैलगाडी आणि रिकामी बैलगाडी यांची वेळ लावून कोणती जोडी जोरकस हे ठरवण्यासारखेच हे झाले.

दुसरी गोष्ट टायर. मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, गाडी जोरात पळते, पण तो लवकर झिजतो. कठीण टायर टिकतो, पण तितका वेग देत नाही. कोण कोणता टायर घालून पळाला, तो नवा होता की दहा फेऱ्या झिजलेला, यावर वेळ बदलते.

तिसरी गोष्ट दिवसातली घटका. बहारीनची शर्यत २०१४ पासून दिव्यांच्या उजेडात, सूर्य मावळल्यावर होते. सराव मात्र सकाळपासून चालतो. भर दुपारी तापलेल्या डांबरावर आणि सायंकाळी गार झालेल्या डांबरावर एकच गाडी वेगळी पळते. दुपारची वेळ आणि सायंकाळची वेळ शेजारी-शेजारी मांडली की फसगत ठरलेली.

चौथी गोष्ट इंजिन. ते पूर्ण जोरावर चालवायचे की थोडे दाबून, हे संघाच्या हातात असते. नव्या ट्रॅक्टरला पहिल्याच दिवशी कोणी चढावर पूर्ण जोर देत नाही, तसेच.

आणि या सगळ्यांवर पाचवी गोष्ट म्हणजे माणसाचा स्वभाव. कोणी मुद्दाम हळू पळतो, म्हणजे समोरचा गाफील राहावा. तिकडे याला 'वाळूची पोती लादणे' म्हणतात. कोणी मुद्दाम जोरात पळतो, म्हणजे नाव व्हावे आणि पैसेवाला जवळ यावा. या दोन्ही तऱ्हा आपल्याला काही नव्या नाहीत. बैल विकायचा असला की एक तऱ्हा, शर्यत जिंकायची असली की दुसरी.

आता जुने दाखले पाहा.

आलाँ प्रोस्त हा फ्रेंच शर्यतवीर. चार वेळा जगज्जेता. त्याने पुढे स्वतःच्या नावाचा संघ काढला. २००१ सालच्या हंगामापूर्वी त्याची गाडी सरावात सगळ्यांच्या वर होती. चालक होता जाँ अलेसी. लोकांना वाटले, या वर्षी प्रोस्तचा संघ मोठ्यांना पाणी पाजणार. प्रत्यक्षात काय झाले? सबंध वर्षात संघाला अवघे चार गुण मिळाले, आणि २००२ च्या सुरुवातीला संघाचे दिवाळे निघून कुलूप लागले. पैसेवाले प्रायोजक मिळावेत म्हणून गाडी हलकी करून पळवली असावी, असे पुष्कळ जाणकार पुढे बोलले. सरावातली वाहवा कर्जवाल्याच्या दारात कामाला आली नाही.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सरावात जो पुढे तो खोटाच समजावा. थांबा. दुसरा दाखला नेमका उलटा आहे.

डिसेंबर २००८ मध्ये होंडा कंपनीने शर्यतीतून अंग काढून घेतले. संघातली शेकडो माणसे उघड्यावर आली. संघाचा प्रमुख रॉस ब्रॉन याने तो संघ नावापुरत्या एका पौंडाला घेतला, मर्सिडीजचे इंजिन मिळवले, आणि मार्च २००९ मध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, गाडी बार्सिलोनाच्या सरावाला आणली. बाकीचे संघ महिना-दीड महिना पळत होते. ही गाडी जवळजवळ कोरी, अंगावर जाहिरातीही नाहीत. आणि आल्या आल्या ती सगळ्यांच्या पुढे पळाली. प्रोस्तची आठवण असलेले लोक हसले. म्हणाले, पैसेवाला शोधत असतील बिचारे, टाकी रिकामी ठेवली असेल. २९ मार्चला ऑस्ट्रेलियात शर्यत झाली. ब्रॉनच्या दोन्ही गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या. जेन्सन बटनने पहिल्या सातांतल्या सहा शर्यती जिंकल्या, आणि वर्षअखेर चालकाचे व संघाचे अशी दोन्ही अजिंक्यपदे ब्रॉनकडे गेली. गाडीच्या मागच्या अंगाला, तळाखालून जाणाऱ्या हवेचा जोर वाढवणारी एक युक्ती त्यांनी नियमात बसवून काढली होती. दुसऱ्याच वर्षी हा संघ मर्सिडीजच्या नावाने उतरला. चाकणच्या फाटकावर जे तीन टोकांच्या चांदणीचे चिन्ह दिसते, त्याच चिन्हाच्या आजच्या संघाचे मूळ हे असे आहे.

म्हणजे दोन संघ, दोघांनाही पैशाची चणचण, दोघेही सरावात पुढे. एक बुडाला, एक जगज्जेता झाला. फलक पाहून कोण कोणता, हे सांगता आले असते का?

तिसरा दाखला २०१९ चा. बार्सिलोनात आठ दिवस सराव झाला. फेरारीच्या फेटेलची सर्वांत चांगली वेळ १ मिनिट १६.२२१ सेकंद. मर्सिडीजच्या हॅमिल्टनची १ मिनिट १६.२२४ सेकंद. अंतर सेकंदाच्या तीन हजारांशांचे. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. एकंदर बोलबाला असा की, या वर्षी फेरारीच. मर्सिडीजच्या माणसांनीही फेरारीच पुढे असल्याचे सांगितले. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत मर्सिडीज पहिली-दुसरी आली, फेरारी चौथी-पाचवी. फेटेल विजेत्याच्या जवळजवळ मिनिटभर मागे होता. पुढे त्या वर्षीच्या पहिल्या आठही शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. मर्सिडीजने सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीचे पुष्कळ भाग बदलून आणले होते. पहिल्या आठवड्यात पाहिलेली गाडी आणि मेलबर्नला उतरलेली गाडी एक नव्हतीच.

मग तिकडचे जाणते लोक सरावात पाहतात तरी काय? ते एका फेरीची वेळ बाजूला ठेवतात. ते दिवसभरात गाडीने किती फेऱ्या मारल्या ते मोजतात. पंधरा-वीस फेऱ्या सलग मारताना वेळ कशी घसरत जाते ते लिहून काढतात, कारण टाकीत कितीही इंधन असले तरी घसरण एकसारखी आणि थोडी असली तर गाडी टायरला जपते आहे हे कळते. वळणावर उभे राहून चालकाचे हात पाहतात. गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते की चालकाला चाक सारखे सावरावे लागते? वेळ चोरता येते, हात चोरता येत नाहीत.

पण याही खुणा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. रेड बुल संघाने २०१० ते २०१३ ही चार वर्षे ओळीने जिंकली. त्यातले शेवटचे चालकाचे अजिंक्यपद फेटेलने ऑक्टोबर २०१३ मध्ये आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पक्के केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१४ च्या अखेरीस, स्पेनमध्ये हेरेसला सराव झाला. इंजिनांचे नियम बदलले होते. रेड बुलची गाडी चार दिवसांत जेमतेम २१ फेऱ्या मारू शकली. लोकांनी संघाचा दहावा-बारावाच करून टाकला. तरी त्याच वर्षी त्यांनी तीन शर्यती जिंकल्या आणि संघांत दुसरा क्रमांक मिळवला. सरावात दुखणे उघडे पडले, ते त्यांनी वेळेत दुरुस्त केले. सराव असतो तो त्यासाठीच.

आता आपल्या घाटाकडे वळू.

बैलगाडा शर्यतींचा मधला काळ तुम्हाला ठाऊक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, पण प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा वैध ठरवला. साडेसात वर्षांचा खंड पडला होता. तो संपताच हौस उधाणली. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, चिखलीच्या जाधववाडीला शर्यती झाल्या, तेव्हा पहिले बक्षीस जेसीबीचे होते. ट्रॅक्टर, मोटारसायकली वेगळ्याच. बक्षिसे अशी फुगली की बैलांचे भावही फुगतात, हे बाजार जाणणाऱ्याला सांगायला नको. आज शर्यतीच्या नामांकित बैलाचा सौदा लाखांत होतो. आणि पुष्कळ सौदे यात्रेत ठरत नाहीत, ते ठरतात सरावावर. मोबाईलवर एक चित्रफीत येते. बैल वाऱ्यासारखे वर जातात, खाली सेकंदांचा आकडा असतो, आणि कोणीतरी म्हणते, "आज घेतला तर या भावात, यात्रा झाल्यावर दुप्पट."

आपले जुने लोक याला पाण्यातल्या म्हशीचे मोल म्हणत. म्हैस पाण्यात बसलेली, दिसतात फक्त शिंगे आणि नाकपुड्या, आणि काठावर भाव ठरतो आहे.

बहारीनचा हिशेब इथे लावून पाहा. आपल्याकडच्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो, पुढे घोडी असते, आणि बारी सेकंदांवर मोजली जाते. सातारा-सांगलीकडे गाड्या एकमेकींशेजारी पळतात, तिथे कोण पुढे हे डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे घड्याळ हाच पंच. म्हणून घड्याळाची भूल आपल्यालाच जास्त.

सरावाचा घाट आणि यात्रेचा घाट एक असतो का? एकाचा चढ सौम्य, दुसऱ्याचा उभा. एकाची माती दाबून बसलेली, दुसऱ्याची भुसभुशीत. लांबीतही फरक. बारा सेकंद म्हणजे कुठल्या घाटाचे बारा सेकंद, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

सराव सकाळी गारव्यात होतो. यात्रेत नंबर दुपारी दोन वाजता लागला तर ऊन डोक्यावर, हलगी कडकडते आहे, दोन्ही अंगांना माणसांची भिंत. पुष्कळ गुणी जनावरे सरावात देव आणि गर्दीत बुजरी असतात. उलट काही बैल गर्दी पाहिल्याशिवाय पेटतच नाहीत.

घड्याळ कोणी आणि केव्हा दाबले? अर्धा सेकंद उशीर झाला तरी घाटात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ज्याला बैल विकायचा आहे त्याच्याच हातात घड्याळ असेल, तर तो आकडा म्हणजे वादीनेच दिलेला निकाल.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. गाड्याला बैल चार असतात, पुढची जोडी आणि मागची जोडी. वेळ लागते ती चौघांची मिळून. विकायला निघतो एक. चौघांत तो ओढणारा आहे की ओढला जाणारा, हे चित्रफितीत कसे कळणार? तीन नावाजलेल्या बैलांच्या जोडीला चौथा बरा बैल लावला तर तोही नावाजल्यासारखा दिसतो. सरावाचा आकडा दाखवून कोणी एक बैल विकत असेल, तर बाकीचे तीन कोणाचे होते हा पहिला प्रश्न विचारा. पुष्कळदा सौदा तिथेच थंडावतो.

मग घ्यायचाच असेल तर काय पाहावे? तिकडचे जाणते लोक पाहतात तेच. एक बारी पाहू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या साथीदारांबरोबर, निदान तीन-चार बाऱ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सर्वांत कमी वेळ कोणती ते नको, वेळांत तफावत किती आहे ते पाहा. साडेबारा, साडेबारा, पावणेतेरा असा पळणारा बैल हा एकदा बारा आणि नंतर चौदा पळणाऱ्या बैलापेक्षा घरात बांधायला बरा.

बारी संपल्यावर लोक बैलाला सोडून घड्याळाकडे पळतात. तुम्ही बैलाजवळच थांबा. धाप किती वेळात बसते ते पाहा. पाय टेकताना कोणता खूर उचलून धरतो का, चालताना लंगडतो का ते पाहा. सावलीत बांधल्यावर पाण्याला तोंड लावतो का, काही वेळाने रवंथ सुरू करतो का ते पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता पुन्हा जा. काल पळालेला बैल आज उठताना कसा उठतो, यात जेवढे कळते तेवढे दहा चित्रफितींत कळत नाही. पशुवैद्याला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. आणि अंगावर, शेपटीजवळ, मानेजवळ मारल्याच्या किंवा टोचल्याच्या खुणा दिसल्या तर तो सौदा तिथेच सोडा. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांना शर्यतीच्या नियमांत बंदी आहे, आणि जनावराला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा सरावातही गुन्हाच. शिवाय माराच्या भीतीने काढलेली वेळ ही त्या बैलाची वेळ नव्हेच. तुमच्या दावणीला आल्यावर तो तसा पळणार नाही.

यापुढचे चार शब्द घरातल्या भगिनींनी मुद्दाम वाचावेत. बैल घरात येतो तो एकटा येत नाही. त्याच्या मागे पेंड येते, खुराक येतो, औषधपाणी येते, एक माणूस राबता लागतो, यात्रेला न्यायला टेम्पो लागतो. विकत घेताना लाखाचा आकडा सगळे बोलतात, रोजच्या खर्चाचा आकडा कोणी बोलत नाही. धनी सरावाची चित्रफीत दाखवू लागले की त्यांच्यावर रागावू नका, हौस ही चीज समजूत घालून जात नाही. फक्त तीन गोष्टी विचारा. हा पैसा कुठून येणार? सोसायटीच्या पीककर्जातला किंवा दागिन्यावरचा आहे का? आणि हा बैल एकाही यात्रेत नंबरात आला नाही तर आपले वर्ष निभेल का? तिसऱ्या प्रश्नाला 'हो' असेल तर खुशाल घ्या. बैल दारात असण्याचे सुख वेगळे, त्याला बक्षिसाचे मोजमाप लावू नये. 'नाही' असेल, तर तो सौदा शर्यतीचा राहिला नाही, जुगाराचा झाला.

जुगारावरून सांगतो. सरावाच्या बातम्या पिकवणारे सगळेच हौशी नसतात. काहींना भाव चढवायचा असतो, काहींना पैजा लावायच्या असतात. आतली बातमी म्हणून जी तुमच्यापर्यंत येते, ती तुमच्या आधी चाळीस जणांना सांगून झालेली असते. खरोखर आतली बातमी ज्याच्याकडे आहे तो ती हॉटेलात बसून सांगत नाही.

मग अंदाज बांधूच नयेत का? तसे मुळीच नाही. अंदाज बांधण्यात मजा आहे. शेतकऱ्याचा तर जन्मच अंदाजात जातो. मृगाचे ढग पाहून, कांद्याची पात पाहून, बाजाराचा वारा पाहून आपण अंदाज बांधतोच. पण कांदा चांगला उगवला म्हणून आपण गाडीभर पट्टी हातात पडल्यासारखा खर्च करत नाही. रोप पाहून आनंद मानतो आणि काढणीपर्यंत हात राखून असतो. सरावाचे तसेच आहे. बहारीनला कोणाची गाडी वर दिसली, घाटात कोणाची बारी गाजली, यावर पैजेशिवाय कितीही भांडा. चहा हरणाऱ्याने पाजावा, एवढीच पैज पुरे.

यंदा यात्रांना जाल तेव्हा एक करून पाहा. हॉटेलात ऐकलेले सरावाचे आकडे एका कागदावर लिहून ठेवा आणि यात्रेतल्या बाऱ्यांच्या वेळा शेजारी लिहा. तीन-चार यात्रा झाल्या की कोणाचा शब्द किती तोलाचा, हे तो कागदच सांगेल. पुढच्या वर्षी तुम्हाला बातमी ऐकताना माणूसही ऐकू येईल. कागद आम्हाला पाठवलात तर आनंदच आहे. फक्त गाडामालकांची नावे झाकून पाठवा, उगाच गावात तंटा नको.

तोवर घोडामैदान काही लांब नाही. चैत्र आलाच. निशाण पडेल, बारी सुटेल, आणि माघापासून चाललेल्या बोलण्याचा निकाल बारा-तेरा सेकंदांत लागेल.

बैलांना उन्हात उभे करू नका, पाणी वेळेवर दाखवा. रामराम.